आमचं रक्त चालतं, आमचा संशोधक चालत नाही

माझी माय मला 'डाक्टर' म्हणते. पीएच.डी. झाली त्या दिवशी तिनं वस्तीत साखर वाटली आणि रात्री गुडघे धरून बसली. सिकलसेलचा झटका. म्हणाली, "बाबू, तू डाक्टर झाला ना रे? मंग हे हाडं दुखनं काऊन नाही थांबवत?"

काय सांगणार? मी दवा देणारा डाक्टर नाही माय, तुझ्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींवर प्रबंध लिहिणारा आहे. आता पोस्टडॉक आहे. म्हणजे शिकलेला वेठबिगार. डोकं माझं, रात्र माझी; लॅब साहेबांची, पेपरात शेवटचं मानाचं नाव साहेबांचं. स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतः रुग्णांपर्यंत जायचं तर अनुदान स्वतःच्या नावावर पाहिजे. नेमकी तिथंच गावची वेस लागते.

एका मुलाखतीत टेबलापलीकडचा विद्वान म्हणाला, "विषय फार स्थानिक आहे. जागतिक काहीतरी करा." च्यायला! यांचा मधुमेह जागतिक आणि माझ्या मायचं हाड स्थानिक?

दोस्तहो, मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आली. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. विदर्भात हा आजार मुख्यतः महारांत आणि आदिवासींत. तेव्हापासून आमचं बोट टोचणं चालूच आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. चांगलं आहे. पण ७ कोटी बोटं आमची आणि प्रश्न विचारणारं डोकं कुणाचं?

अमेरिकेकडे बघा. १९७१ मध्ये ब्लॅक पँथरांनी स्वतःच्या दवाखान्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. बोंब एवढी झाली की मे १९७२ मध्ये निक्सनला सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. हे नातं रक्ताचं आहे, अगदी शब्दशः.

पण कायदा झाला म्हणून तिजोरीची किल्ली काळ्या हातात आली नाही. तिथल्या एनआयएचचं २००६ पासून एक अनुदान आहे : आधी दोन वर्षांपर्यंत गुरूच्या हाताखाली, मग तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या पायावर. कागदावर झकास. तरी २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आकडे छापून आले. शिक्षण, प्रशिक्षण, पेपर सगळं जमेस धरूनही स्वतंत्र संशोधकाचं मुख्य अनुदान मिळण्याची काळ्या अर्जदाराची शक्यता गोऱ्यापेक्षा १० टक्के अंकांनी कमी. २०१९ मध्ये दुसरा अभ्यास आला. काळे संशोधक वस्तीचे, समाजाच्या आरोग्याचे विषय जास्त घेतात आणि त्याच विषयांना पैसा कमी मिळतो. म्हणजे तिथंही 'विषय स्थानिक आहे'!

पण त्यांनी निदान मोजलं. आपल्याकडे जात विचारली की विचारणाराच जातीयवादी ठरतो.

इथला जिना बघा. अनुसूचित जातीची राष्ट्रीय फेलोशिप पीएच.डी.पर्यंत. तिथं पायरी संपली. रक्तविकाराचा तज्ज्ञ व्हायचं तर डीएम करा. त्या पातळीला आरक्षण नको, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच सांगून टाकलं. अध्यापक व्हायचं तर २०१९ चा आरक्षणाचा कायदा आहे. पण त्याच्याच चौथ्या कलमानं काही 'श्रेष्ठ' संस्था वगळल्या. टीआयएफआर त्यात, टाटा मेमोरियल सेंटर त्यात. श्रेष्ठ म्हणजे जिथं आमची सावली पडायची नाही ते ठिकाण. शब्द नवा, सोवळं जुनं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जैववैद्यकीय संशोधकांच्या करिअर कार्यक्रमाचा तिसरा टप्पा मंजूर केला. १५०० कोटी : १००० सरकारचे, ५०० ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे. मी विचारतो, यातले किती वेशीबाहेर येणार?

आपलेच कार्यकर्ते मला म्हणतात, "वस्तीत नळाला पाणी नाही आणि तू फेलोशिपचं रडगाणं गातोस? हे पोटभरल्यांचं दुखणं आहे." नाही दोस्त. कुणाचा आजार आजार समजायचा, हे अनुदान ठरवतं. जो प्रश्न विचारतो तोच उत्तराचा मालक. ट्यूबमधलं रक्त होऊन आपण पुष्कळ वर्षं काढली. फक्त नमुना होऊन राहायचं असेल तर मग शिकलो कशाला?

आणि गुणवत्तेची टिमकी वाजवू नका. घरी पैसे पाठवत, मायला सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी करत मी जे पेपर लिहिले, तेवढे तुम्ही बापाच्या फ्लॅटवर बसून लिहिले असतील. वजन कुणाचं जास्त, तराजू तुमचाच घ्या.

आम्ही भीक मागत नाही. अनुदान कुणाला दिलं, कुणाला नाकारलं, त्याचे जातवार आकडे छापा. पीएच.डी.नंतर तुटलेली पायरी बांधा : स्वतंत्र संशोधकाच्या अनुदानात आमचा वाटा ठेवा. 'पीएच.डी.नंतर इतकी वर्षं' ही अट लावताना, घर ओढत शिकणाऱ्याची वर्षं वेगळी मोजा. निवड समितीत आमची माणसं बसवा. ते चौथं कलम रद्द करा.

तोवर माझ्या हातात सुई देऊन बोट टोचायला पाठवू नका. मायचा प्रश्न अजून तसाच आहे. त्याचं उत्तर मला स्वतःच्या नावानं शोधायचं आहे.