वेग हुकला, पत टिकली

१९०६ साली बर्लिनच्या श्वार्त्सकोफ कारखान्यातून प्रशियन रेल्वेचे ‘पी ८’ हे वाफेचे इंजिन बाहेर पडले. रॉबर्ट गार्बे यांनी ते जलद गाड्यांसाठी योजिले होते; ताशी ११० किलोमीटर वेगाची अपेक्षा होती. परंतु पुढेमागे सरकणाऱ्या भागांचा तोल नीट न साधल्याने इंजिन वेगात हादरे आणि वेगमर्यादा १०० वर आणावी लागली.

जलद गाड्यांचा मान हुकला, साध्या प्रवासी गाड्या वाट्याला आल्या. तेथेच त्याचे गुण प्रकटले. बॉयलरमधील वाफ पुन्हा तापवून कोरडी केली जात असल्याने कोळसा व पाणी दोन्ही वाचत. बांधणी साधी, दुरुस्ती सोपी. एकट्या प्रशियासाठी अशी ३४०० हून अधिक इंजिने घडली.

१९१८ च्या युद्धविरामाने पराभूत जर्मनीला ५००० इंजिने देणे भाग पाडले. महायुद्धानंतर शेकडो ‘पी ८’ परदेशी गेली आणि बेल्जियम, पोलंड येथेही तितक्याच इमानाने राबली. पश्चिम जर्मनीत अखेरची इंजिने १९७४ पर्यंत धावत होती.

ज्या कामासाठी घडले, ते साधले नाही. जे वाट्याला आले, ते मात्र या इंजिनाने ६८ वर्षे चोख बजावले.