७ रुपयांचं हार्ट अटॅक किट खिशात आहे, पण नांदगावहून नाशिक लांब आहे, त्याचं काय?

थंडी पडली की व्हॉट्सअपवर एक मेसेज हमखास फिरतो. छोट्या पाकिटात तीन प्रकारच्या गोळ्या, किंमत ७ रुपये, खिशात ठेवा, जीव वाचेल. याची सुरुवात जानेवारी २०२४ मधली. अयोध्येतल्या सोहळ्याच्या सुमारास कानपूरच्या हृदयरोग संस्थेतल्या डॉक्टरांनी ‘राम किट’ काढलं. त्यात इकोस्प्रिन, रोसुवास्टॅटिन आणि सॉर्बिट्रेट. गोळी घ्या आणि लगेच दवाखाना गाठा, असा त्यामागचा हेतू. पण पुढं पाठवताना लक्षात राहतात ते ७ रुपयेच.

या तीन गोळ्या मेडिकलच्या परीक्षेत मोजल्या तर किती मार्क मिळतील?

राज्यातल्या एमबीबीएसच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. हार्ट अटॅकच्या प्रश्नासाठी पोरं वर्षानुवर्षं ‘मोना’ पाठ करत आली. मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, ॲस्पिरिन यांची ही आद्याक्षरं. लक्षात ठेवायला सोपं, पण यातलं सगळं सारख्या तोलाचं नाही.

ऑक्सिजनचंच घ्या. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर अभ्यास झाला. रक्तातला ऑक्सिजन ठीक असेल तर मास्क लावून मृत्यू कमी होत नाहीत, असं त्यात दिसलं. सिनेमात मात्र मास्क आधी येतो.

नायट्रेट म्हणजे आपलं सॉर्बिट्रेट. ते रक्तवाहिन्या सैल करतं, छातीतली कळ कमी होते आणि पेशंटला वाटतं, झालं काम. पण १९९५ च्या ‘आयसिस-४’ या ५८ हजार रुग्णांच्या अभ्यासात नायट्रेटमुळे मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. उलट धोका आहे. ही गोळी बीपी खाली आणते. अटॅक हृदयाच्या उजव्या कप्प्यात असेल, बीपी आधीच उतरलेलं असेल किंवा माणसानं आदल्या दिवशी व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल, तर जिभेखाली ठेवलेलं सॉर्बिट्रेट त्याला जागेवर आडवं करू शकतं. तोंडी परीक्षेत हे सांगता आलं नाही तर परीक्षक सोडत नाहीत. फॉरवर्डमध्ये हे कुठं लिहिलेलं असतं?

रोसुवास्टॅटिन चांगलं औषध आहे, पण ते महिनोन्‌महिने रोज घ्यायचं. एका गोळीनं त्या तासाभरात फारसं काही बदलत नाही.

उरलं ॲस्पिरिन, आणि इथं किट बरोबर आहे. ‘आयसिस-२’ हा १९८८ चा, १७,१८७ रुग्णांचा अभ्यास. नुसत्या ॲस्पिरिननं मृत्यू साधारण २३ टक्क्यांनी घटले. ते ३०० मिलीग्रॅमच्या आसपास, गिळायचं नाही तर चावून खायचं. अल्सरचा रक्तस्राव असेल किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर घ्यायचं नाही.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ॲस्पिरिनच्या जोडीला स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तेव्हा पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ॲस्पिरिन गुठळी वाढू देत नाही, पण तयार झालेली फोडत नाही. ती फोडायला हे इंजेक्शन लागतं नाहीतर अँजिओप्लास्टी.

आता नकाशा बघा. नांदगावहून मनमाडमार्गे नाशिक शंभर किलोमीटरच्या पुढे. हृदयाच्या उपचाराची मोठी सरकारी सोय म्हणजे नाशिकचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. नियम असा की निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर वाट बघू नका, गुठळीचं इंजेक्शन जवळच द्या. गाडी मिळणं, रस्ता, दाखल होणं, कॅथलॅब तयार होणं हे सगळं धरलं तर नांदगावच्या पेशंटचे १२० मिनिटं वाटेतच जातात. म्हणून ‘हार्ट अटॅकला काय द्याल?’ याचं पुण्यातलं उत्तर आणि नांदगावातलं उत्तर वेगळं आहे. पुस्तक तेच, फक्त अंतर वेगळं.

त्यासाठी आधी ईसीजी लागतो, कारण हे इंजेक्शन प्रत्येक छातीदुखीला देत नाहीत. चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. राज्यात ‘स्टेमी’ प्रकल्पाची कल्पना हीच आहे: ईसीजी लहान रुग्णालयात काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञानं काही मिनिटांत वाचायचा, इंजेक्शन शक्य तिथं लगेच द्यायचं आणि मग पेशंट पुढं पाठवायचा. नवं टेनेक्टेप्लेज वजन बघून एकाच झटक्यात देता येतं. स्ट्रेप्टोकायनेजला तासभर सलाईन लावावं लागतं. रात्री दोन वाजता एकट्या ड्युटी डॉक्टरसाठी हा फरक मोठा आहे. पण हे इंजेक्शन महाग आहे, त्याची मुदत संपते आणि ते साठ्यात ठेवावं लागतं. आमच्या मते खरी अडचण इथं आहे, गोळ्यांच्या पाकिटात नाही.

मग किट ठेवायचं की नाही? ॲस्पिरिन घरात असू द्या. सॉर्बिट्रेट ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यानंच ठेवावं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, घाम फुटला, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं गेली तर आधी १०८ लावा. आणि धडधाकट असतानाच एकदा आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारून या: रात्री ईसीजी निघतो का, आणि गुठळीचं इंजेक्शन कपाटात आहे का?