मार निवासी डॉक्टरनेच का खायचा?

१. मार्च २०१७. धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचा सर्जन इथे नाही, पेशंटला दुसरीकडे न्यावं लागेल, असं ड्यूटीवरच्या अस्थिरोग विभागाच्या तरुण डॉक्टरने सांगितलं. नातेवाइकांनी त्याला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. सर्जन नेमणं त्याच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं, ते त्या रात्री वॉर्डात नव्हते.

२. अशा मारहाणीची सुरुवात वॉर्डाच्या बरीच अलीकडे होते. तालुक्याच्या दवाखान्यातून ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी मिळते. जिल्ह्याला पोहोचेपर्यंत पेशंट सिरियस. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर घरच्यांनीच ढकलायचं, रक्ताची बाटली लॅबमध्ये त्यांनीच पोचवायची, इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं. या धावपळीत आपल्या माणसाचं नेमकं काय चाललंय, हे धड सांगायला कुणी नसतं. मग थेट ‘गेले’ एवढंच कानावर पडतं, आणि समोर असते आदल्या सकाळपासून जागी असलेली पंचविशीतली डॉक्टर. मारहाणीला यातून माफी मिळत नाही, मिळू नये. पण हे न बदलता नुसते पहारेकरी वाढवले तर पुढची घटना फक्त थोडी लांबते.

३. कायदा आहेच. महाराष्ट्राने तो २०१० मध्ये केला: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. धुळ्याची घटना त्यानंतरची. मार खाल्लेल्यानेच ठाण्यात जाऊन बसायचं आणि पुढे कोर्टाच्या तारखाही त्यानेच सांभाळायच्या, अशी वेळ आली की कायदा कागदावर राहतो. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या बलात्कार-खुनानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्राने आपल्या रुग्णालयांच्या प्रमुखांना सहा तासांत गुन्हा नोंदवायला सांगितलं. आपल्या जिल्हा आणि महापालिका रुग्णालयांतही ही जबाबदारी अधिष्ठात्यांवर किंवा शल्यचिकित्सकांवरच हवी.

४. हल्लेखोर दर वेळी बाहेरचा नसतो. १९७३ मध्ये केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला केला तो तिथल्याच कर्मचाऱ्याने, रुग्णालयाच्या तळघरात. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. त्यांचं सगळं केलं ते केईएमच्या सिस्टर्सनी. रात्रपाळीच्या बायकांना आतून कडी लागणारी, उजेडाची खोली मिळणं हा सुरक्षेचा पहिला मुद्दा आहे.

५. भीतीची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. मार खाल्लेला डॉक्टर पुढचा अवघड रुग्ण हातात घ्यायला कचरतो. पुन्हा तीच ‘पुढे न्या’ची चिठ्ठी.

६. कॅज्युअल्टीत रात्रीही समाजसेवा अधीक्षक हवा, जो दर तासाला नातेवाइकांशी बोलेल. एका पेशंटमागे ठरावीकच पास द्यावेत. आणि वाचकहो, आपल्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांची, परिचारिकांची किती पदं रिकामी आहेत, हे माहिती अधिकारात विचारा आणि ती यादी घेऊन आमदारांकडे जा.