‘जंजीर’ ते ‘ॲनिमल’: पडद्यावरच्या नायकाचा राग कुणावर निघतो?

डिसेंबर 2023मध्ये ‘ॲनिमल’ प्रदर्शित झाला आणि त्यावरचा वाद थेट राज्यसभेत पोहोचला. काँग्रेसच्या खासदार रंजीत रंजन यांनी अशा चित्रपटांतली हिंसा आणि स्त्रियांचं चित्रण यांवर टीका केली. ‘संतापी नायक तर पूर्वीही होते’, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. तो खरा आहे, पण अर्धाच.

सत्तरच्या दशकातला राग

सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या ‘जंजीर’ने (1973) ‘अँग्री यंग मॅन’ घडवला. ‘दीवार’मधला (1975) विजय गोदी कामगार. वडील कामगार नेते, त्यांच्यावरचा कलंक मुलाच्या हातावर गोंदलेला. महागाई, बेरोजगारी आणि 1974चा रेल्वे संप पाहिलेल्या प्रेक्षकाला हा राग आपला वाटला. तरीही चित्रपट विजयला माफ करत नाही. आई त्याची संपत्ती नाकारून घर सोडते.

‘अर्धसत्य’ने काय दाखवलं?

श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (1983) आणखी पुढे गेला. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) लहानपणापासून वडिलांना आईला मारताना पाहतो. नोकरीत रामा शेट्टीसारख्या गुंडापुढे त्याचं काही चालत नाही. मग हा कोंडलेला राग लॉकअपमधल्या एका भुरट्या चोरावर निघतो आणि त्यात त्याचा जीव जातो. वरच्यावर चालत नाही, म्हणून खालच्यावर निघणारा राग इतक्या स्पष्टपणे हिंदी पडद्यावर क्वचितच आला. ज्योत्स्ना (स्मिता पाटील) वेलणकरपासून दुरावते.

मग बदललं काय?

‘कबीर सिंग’चा (2019) नायक सर्जन आहे, ‘ॲनिमल’चा उद्योगपतीचा मुलगा. व्यवस्थेने त्यांची वाट अडवलेली नाही. एकाचा राग प्रेमभंगातून येतो, दुसऱ्याचा वडिलांच्या दुर्लक्षातून. त्याची झळ घरातल्या आणि जवळच्या माणसांना बसते. कबीर प्रीतीला थोबाडीत मारतो, तरी शेवटी तीच त्याला मिळते.

दाखवणं म्हणजे समर्थन नव्हे, हा बचाव चुकीचा नाही. ‘अर्धसत्य’मध्येही हिंसा आहेच. प्रश्न एवढाच, की तिची किंमत कोण मोजतं. वेलणकर शेवटी स्वतःहून पोलिसांच्या हवाली होतो. कबीरच्या वाट्याला येतो तो संसार.