आज्ञा कुणी कुणाची पाळायची?

रविवारची मिस्सा आटोपली की आमच्या बोरिवलीत चर्चच्या आवारात मंडळी घोळक्यानं उभी राहतात. विषय ठरलेले. कम्युनियन जिभेवर घ्यावं की हातात, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी की नाही, जुनी लॅटिन मिस्सा परत आणावी का... लॅटिन मिस्सेला पोप बेनेडिक्ट यांनी २००७ साली मोकळीक दिली, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती आवळली. त्यामुळे वादाला तोटा नाही. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "आज्ञाधारकपणा म्हणून उरला नाही हो!"

मी स्वतः जुन्या वळणाचा. धर्मगुरूंचा शब्द मानावा, बिशपांचा मान ठेवावा, असंच मला वाटतं. पण जुनं म्हणजे नक्की काय, हे जुनं जपणाऱ्यांनीच एकदा नीट आठवून पाहावं.

आमच्या लहानपणी धर्मशिक्षण प्रश्नोत्तरांच्या रूपात पाठ करून घेत. त्यात स्वर्गाकडे दाद मागणारी चार पापं होती. पहिलं खून. आणि त्याच यादीत गरिबाला गांजणं आणि कामकऱ्याची मजुरी बुडवणं! याकोबाच्या पत्रात तर न दिलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे. दुसरा नियम चोरीचा. पापनिवेदन केलं, क्षमा मिळाली, एवढ्यानं सुटका नाही. जे घेतलं ते ज्याचं त्याला परत करायचं. जक्कयानं चौपट परत करायचं कबूल केलं ते उगीच नाही. हे नियम कुणी रद्द केलेले नाहीत, १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही ते आहेत.

आता सांगा, चर्चच्या आवारातल्या वादात हे नियम कधी येतात का? घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा पगार दहा तारखेपर्यंत लांबवणं, त्या आजारी पडल्या तर खाडे कापणं, भाडेकरूची अनामत रक्कम काहीतरी खुसपट काढून अडकवून ठेवणं, भावाबहिणीचा गावठाणातल्या घराचा हिस्सा दाबणं... हे करणारा माणूस शुक्रवारी मटण खात नाही आणि आपण परंपरा पाळतो असं समजतो. माझ्या मते, आपल्याला काहीच सोडावं लागत नाही तेवढीच आज्ञा पाळणं, याला आज्ञापालन म्हणता येणार नाही.

आज्ञा पाळणाऱ्याचं झालं, आता आज्ञा देणाऱ्याचं बघू. त्यासाठी रोमला जायला नको, मुंबईचंच उदाहरण आहे. पोर्तुगालचा राजाश्रय आणि रोमची थेट सत्ता यांच्या भांडणात १७९४ पासून मुंबईत दोन वेगळ्या चर्चसत्ता होत्या. १९२८ च्या करारानं ते मिटलं, पण आर्चबिशप आळीपाळीनं पोर्तुगीज आणि इंग्रज असावा असं ठरलं. भारतीयाची पाळी त्यात नव्हतीच! १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आर्चबिशप झाले. इथे भारतीय माणूस हवा हे त्यांनी ओळखलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले आणि रॉबर्ट्स मुंबई सोडून निघून गेले, म्हणजे ग्रेशियस यांना मोकळेपणानं कारभार करता यावा. १९५० मध्ये रॉबर्ट्स रीतसर पायउतार झाले, ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

याच रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये चर्चमधल्या अधिकाराचा वापर आणि गैरवापर यावर 'ब्लॅक पोप्स' हे पुस्तक लिहिलं. पुढे १९६४ मध्ये संततिनियमनावरच्या बंदीबद्दलही त्यांनी जाहीर प्रश्न विचारले. वरिष्ठांना ते रुचलं नाही. तरी १९७६ मध्ये वारले तेव्हा ते आर्चबिशप आणि जेझुइटच होते. प्रश्न विचारणं म्हणजे बंड नव्हे, हे त्यांच्याकडे बघून कळतं. त्यांची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही, मलाही पटत नाहीत. पण खुर्ची सोडलेल्या माणसानं अधिकारावर बोललं की ते ऐकावंसं वाटतं.

सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागणं पाप, हे संत थॉमस अक्वायनस यांचं म्हणणं तर तेराव्या शतकातलं. म्हणजे तीही परंपराच! पण विवेकबुद्धीचं नाव घेऊन सोयीचं तेवढं करणाऱ्यांनाही मजुरीचा आणि परतफेडीचा नियम लागू आहेच. जुन्या मताचे असोत की नव्या, त्यातून कुणी सुटत नाही.

तेव्हा लॅटिनवर जरूर वाद घालावा, मलाही ऐकायला आवडतो. पण त्याआधी बाईंचा या महिन्याचा पगार दिला का, ते घरी विचारून यावं.