बाटली तीच, औषध दुसरं

एप्रिल उजाडला की इथल्या मराठी पॉटलकमध्ये पुरुषमंडळींच्या घोळक्यात दोनच विषय असतात: ग्रीन कार्डाची रांग आणि लॉन. लॉनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "अरे, राउंडअप मार ना!" आपल्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात, तसं इथे तणनाशक म्हणजे राउंडअप. माझी तक्रार नेमकी या नावाबद्दल आहे. दुकानातल्या त्या बाटलीत आज जे असतं, ते पाच वर्षांपूर्वी त्याच नावाच्या बाटलीत नव्हतं. आणि हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नाही.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. मोन्सँटोने १९७४ मध्ये राउंडअप बाजारात आणलं. त्यातलं औषध ग्लायफोसेट. (गावाकडे फवारायच्या विषाला 'औषध'च म्हणतात, तोच शब्द तोंडात बसलाय.) काही अमिनो आम्लं तयार करायला झाडाला एक एन्झाइम लागतं, ग्लायफोसेट तेच बंद पाडतं. झाड उपाशी मरतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. हे एन्झाइम माणसात नसतं, आणि ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, त्यामुळे फवारल्यावर थोड्याच दिवसांत तिथे नवं काही लावता येतं. लोकांच्या डोक्यात राउंडअपचं जे चित्र आहे ते हे.

मग २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. ईपीए, म्हणजे इथलं पर्यावरण खातं, म्हणत राहिलं की तशी शक्यता दिसत नाही. २०१८ मध्ये बायरने मोन्सँटो विकत घेतली आणि त्याच उन्हाळ्यात ड्वेन जॉन्सन या कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या मैदानांची निगा राखणाऱ्या माणसाला ज्यूरीने २८.९ कोटी डॉलर भरपाई देऊ केली (पुढे ती बरीच कमी झाली). खटल्यांची रांग लागली. २०२० मध्ये बायरने दहा अब्ज डॉलरहून मोठी तडजोड जाहीर केली, आणि २०२१ मध्ये सांगितलं की २०२३ पासून अमेरिकेतल्या घरगुती राउंडअपमधून ग्लायफोसेट काढणार. कारणही स्पष्ट दिलं: हे खटल्यांचा धोका टाळण्यासाठी, सुरक्षिततेची शंका आहे म्हणून नव्हे. शेतकऱ्यांना मात्र ते पूर्वीसारखंच मिळत राहिलं.

म्हणजे हा बदल सरकारने घडवला नाही, वकिलांनी घडवला. मला त्याचं दुःख नाही. पण पॉटलकमध्ये यातून निघणारा निष्कर्ष असा असतो: "कॅन्सरवालं काढून टाकलं, आता बिनधास्त मारा." हे मात्र मला अजिबात पटत नाही.

ग्लायफोसेटच्या जागी आलं काय, ते बघा. ट्रायक्लोपायर हे रुंद पानांच्या तणांसाठी, फ्लुअॅझिफॉप गवतांसाठी आणि डायक्वाट पानं जाळायला. काही बाटल्यांत वर इमॅझापिक, जे मातीत राहून महिनोन् महिने नवं बी रुजू देत नाही. डायक्वाटमुळे दुसऱ्या दिवशी पानं करपतात आणि आमचे मित्र खूश होतात, "नवीन राउंडअप काय फास्ट आहे!" पानं करपली म्हणजे मूळ मेलं असं नाही. आणि याच डायक्वाटला युरोपियन युनियनने २०१८ मध्ये परवानगी वाढवून दिली नाही. इमॅझापिकवाली बाटली वाफ्याच्या कडेला मारली आणि जुन्या सवयीने पुढच्या आठवड्यात तिथे मेथी-कोथिंबीर पेरली, तर काय उगवणार?

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको. फंक्शनचं नाव तेच, आतला कोड पूर्ण बदललेला, आणि वापरणाऱ्याला कळवलेलं नाही. गंमत म्हणजे 'राउंडअप फॉर लॉन्स' नावाची बाटली आधीपासूनच आहे आणि तिच्यात ग्लायफोसेट कधीच नव्हतं. ती गवत वाचवते, साधं राउंडअप गवतासकट सगळं मारतं. दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी! घाईत चुकीची उचलली की लॉनवर वाळलेली वर्तुळं.

माझं म्हणणं एवढंच की औषध बदललं तर नाव बदलायला लावावं, निदान पुढच्या बाजूला ठळक अक्षरात सांगायला लावावं. सध्या खरी ओळख बारीक अक्षरांत असते. प्रत्येक बाटलीवर ईपीएचा रजिस्ट्रेशन नंबर असतो. तो म्हणजे व्हर्जन नंबर समजा. आत वेगळं औषध असेल तर नंबर वेगळा. दुकानात उभ्या उभ्या फोनवर तो शोधला की पूर्ण लेबल समोर येतं. आणि ते लेबल वाचायलाच हवं, कारण लेबलाविरुद्ध वापर केला तर फेडरल कायदा मोडतो, असं त्याच लेबलवर छापलेलं असतं. सॉफ्टवेअरच्या 'आय अॅग्री'वर न वाचता क्लिक करणारे आपण, इथेही तेच करतो.

आता आमच्या मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीची तऱ्हा. काउंटीने २०१५ मध्ये खाजगी लॉनवरसुद्धा बहुतेक रासायनिक तणनाशकं वापरायला बंदी केली. कायदा कोर्टात अडकला, २०१९ मध्ये सुटला. पण बंदी वापरावर आहे, विक्रीवर नाही. दुकानात बाटली आहे, शेजारी काउंटीची सूचना लावलेली आहे, आणि लोक सूचनेवरून नजर फिरवून बाटली गाडीत टाकतात. तपासायला कोण येतंय? कायद्याचा हेतू मला मान्य आहे. पण विकू द्यायचं आणि वापरू द्यायचं नाही, यात सगळा भार गिऱ्हाइकाच्या वाचनावर पडतो, आणि वाचन तर आपण करत नाही.

त्यात आमची एचओए. पिवळी डँडेलायनची फुलं दिसली की पत्र येतं, "लॉनची निगा राखावी." काउंटी म्हणते मारू नका, एचओए म्हणते दिसू देऊ नका. (एचओएबद्दल एक वेगळा लेख लिहीन कधीतरी, लांब होईल.)

माझा उपाय म्हणजे खुरपं, देशातून आणलेलं. 'तण खाई धन' ही म्हण शेतातली आहे. पाव एकराच्या लॉनवर उगवलेली पंधरा-वीस डँडेलायन्स कुणाचं धन खात नाहीत. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा खुरपं खोल घालून मुळासकट उपटायचं. मूळ तुटलं की परत येतं. फरशांच्या फटीत उकळतं पाणी. व्हॉट्सअॅपवर फिरणारं व्हिनेगर, मीठ आणि डिश सोपचं मिश्रण मात्र नको. मीठ मातीत राहतं आणि तिथे पुढे काहीच धड उगवत नाही. 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं २० टक्के व्हिनेगर डोळ्यात गेलं तर डोळा जायची पाळी.

पॉइझन आयव्हीसाठी मी रसायन वापरतो. काउंटीचा कायदाही तिथे सूट देतो. लांब बाह्या, हातमोजे, वारा नसलेली सकाळ, आणि वाळेपर्यंत मुलांना आत. लॉन सर्व्हिसवाला बोलावलात तर तो काय मारणार आहे ते लेखी मागा, आणि त्याच्याकडे लायसन्स आहे का तेही विचारा. जॉन्सनसारखे रोज हे हाताळणारे तेच असतात, आपण नाही.

गराजमध्ये जुनं ग्लायफोसेटवालं राउंडअप पडलं असेल तर ते गटारात किंवा सिंकमध्ये ओतू नका, इथलं पाणी शेवटी चेसापीकच्या उपसागरात जातं. मूळ बाटलीतच, लेबल न काढता, शेडी ग्रोव्हच्या ट्रान्सफर स्टेशनवर घरगुती घातक कचरा घेतात तिथे द्या. जायच्या आधी काउंटीच्या साइटवर वेळ बघून घ्या.