पंचवीस आकडे, एक ओळ

कमांड लाइनवर सिम्युलेशन चालवणाऱ्या मंडळींना एक खोड असते. प्रोग्रॅमला पंचवीस आकडे लागतात ना, मग ते पंचवीसच्या पंचवीस एका ओळीत, मारुतीच्या शेपटासारखे, नावागावाशिवाय लिहायचे आणि एंटर मारायचं. वर ऐकवायचं, "फाइल कशाला? हे कसं सुटसुटीत!" मला हे साफ नामंजूर आहे. (यात रस नसलेल्या नातेवाइकांनी थेट सांगलीच्या पुरावर उडी मारावी.)

आपल्या सातारा जिल्ह्यातलंच घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि १०३ मीटर उंच धरणाला, खालच्या अंगाचा उतार जिथे बदलतो तिथे, भेगा गेल्या. काँक्रीटची धरणं संगणकात हलवून बघणाऱ्यांचा हा नेहमीचा धडा आहे. अबॅकसच्या उदाहरणांतही कोयना आहे: यंग्ज मॉड्युलस ३१,०२७ मेगापास्कल, घनता २,६४३ किलो प्रति घनमीटर, पाणी ९१.७५ मीटर, पॉयसन रेशो ०.१५, डॅम्पिंग ३ टक्के म्हणजे ०.०३. आता ओळीत शेवटच्या दोघांची अदलाबदल झाली तर? प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही, त्याला दोन्ही दशांशच. डॅम्पिंग पाचपट झालं, हादरे विरले, आणि रंगीत चित्रात धरण उगाचच मजबूत दिसायला लागलं. महिन्याभराने ती ओळ टर्मिनलमधून गेलेली असते, चित्र तेवढं प्रेझेंटेशनमध्ये उरतं.

साधी टेक्स्ट फाइल करा. दर ओळीला नाव, किंमत, एकक, आणि आकडा आणला कुठून ते. अनोळखी नाव दिसलं की प्रोग्रॅमने थांबावं. आणि न लिहिलेल्या डिफॉल्टांसकट सगळे आकडे उत्तराशेजारी छापावेत. डिफॉल्ट हे सगळ्यात लबाड, कारण ते आपण निवडले हेच आपल्या लक्षात नसतं. शंभर वेळा चालवायचंय? लूपने शंभर फाइली लिहा. जागा लागते ती काही केबींची.

आता सांगली. आयर्विन पुलाची पट्टी फुटांत: ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ च्याही वर. अलमट्टीची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये: आज ५१९.६० आणि कर्नाटकला हवी ५२४.२५६. एकक न लिहिता हे आकडे शेजारी ठेवून बघा! शिवाय मॅनिंगचा एन, म्हणजे पाण्याला होणारा अडथळा. स्वच्छ पात्रात तो ०.०३ च्या आसपास, पण पूर काठावरच्या उसात शिरला की वाढतो. किती वाढवायचा हे माणूस ठरवतो, आणि तेवढ्यावर पाणी कुणाच्या उंबऱ्यापर्यंत येणार हे बदलतं. फुगवटा सांगलीपर्यंत येतो म्हणणारे आणि येत नाही म्हणणारे, दोघेही मॉडेलचे नकाशे नाचवतात. मी दोघांनाही आधी एकच विचारतो: उसात एन किती धरलात, दाखवा ती फाइल.